एमराल्डमधली नर्स म्हणते तुमच्या पोकेमॉनले पोकेरस झाला, सेव्ह उडवू का ठेवू?

जागलीवाला_ट्रेनर (दारव्हा)

राम राम मंडळी. एक प्रश्न हाय, हसू नका. मी पोकेमॉन एमराल्ड खेळून रायलो, मोबाईलवर नाई, खराखुरा गेमबॉय ॲडव्हान्स एसपी हाय, आतेभाऊ पुण्याले असते त्यानं कोणाकडून तरी जुना घेतला होता, त्याचं मन भरलं तं कॅसेटसकट मले देऊन टाकला. सध्या वावरात हरभरा हाय अन् लाईन रातची, मंग मोटार चालू केली का मचाणीवर बसून डुकरायले हाकलता हाकलता खेळत रायतो, फोनले तिथं रेंज नाई तं दुसरं करावं काय.

तं झालं असं का मॉव्हिलच्या पोकेमॉन सेंटरमधी गेलो, नर्सनं नेहमीसारखे सहाही पोकेमॉन घेतले, परत दिले, अन् मंग एकदम वेगळंच बोलाले लागली. का तुमच्या पोकेमॉनले पोकेरस झालेला दिसते, लय बारीक जीव असते ते, अंगाले चिपकते, त्यायच्याबद्दल जास्त कोणाले माहीत नाई. पुढं अजूक वाढते-बिढते असं काईतरी होतं. आता माया मार्शटॉम्पच्या पानावर पीकेआरएस असं लिहून येऊन रायलं.

मले इचारायचं हे का हा रोग बाकीच्यायले लागते का, पोकेमॉन मरते का याच्यानं, अन् सेव्ह खराब व्हायची काई भानगड तं नाई ना, कारण कॅसेट जुनी हाय, चालू केली का दरवेळी इंग्रजीत येते का आतली बॅटरी संपली. बॉक्समधी टाकू, रिलीज करू, का सगळं उडवून नवा गेम लावू? मार्शटॉम्प मी सोडणार नाई हे आधीच सांगतो.

घरी फक्त एवढं म्हणलं का रोग झाला, तं मायनं पहिले गोठ्यात जाऊन पायलं.

---

मेहकरचा_मडकिप

थांब थांब थांब!!! काईच उडवू नको बावा. तुले मायित नाई तुले काय भेटलं ते.

रोग-बिग काई नाई, नाव तसं ठेवलं त्यायनं. हा बोनस हाय, अन् एमराल्डमधल्या लय दुर्मिळ गोष्टीयपैकी एक. प्रत्येक लढाई संपली का गेम आतल्या आत एक आकडा काढते, ० पासून ६५५३५ पर्यंत, अन् त्याच्यातले फक्त तीन आकडे चालते, १६३८४, ३२७६८ अन् ४९१५२. त्यातला एखादा निघाला तरच तुया सहापैकी कोण्या एकाले पोकेरस लागते. म्हणजे साधारण २१८४५ लढायात एकदा. एमराल्डमधी शायनी (वेगळ्या रंगाचा दुर्मिळ पोकेमॉन) भेटायचा चान्स ८१९२ ला १ हाय, म्हणजे शायनीपेक्षा अडीच पटीहून जास्त अवघड गोष्ट तुले मचाणीवर बसल्या बसल्या भेटली, अन् तू इचारतं उडवू का! लोकं वर्षानुवर्षे खेळते त्यायले नर्स कधी असं बोललीच नाई.

तोटा शून्य. एचपी कमी होत नाई, कोणी मरत नाई, सेव्हचा याच्याशी संबंधच नाई. फायदा हा का पोकेमॉन लढून जे मेहनतीचे पॉइंट कमावते (ईव्ही म्हणते त्याले, त्याच्यानं ताकद वाढते) ते दुप्पट भेटते. अन् हो, बाकीच्यायले लागते, अन् लागूच द्यायचं असते. लढाई झाली का तिनात एक चान्स असते का तो पसरन, पण रांगेत त्याच्या वरच्या अन् खालच्यालेच, म्हणून मार्शटॉम्पले मधात ठेव अन् दोन्हीकून ज्याले द्यायचं हाय तो ठेव.

एक ध्यानात ठेव, हा १ ते ४ दिवसच टिकते, कोणती जात लागली त्याच्यावर. दिवस संपले का पीकेआरएस जाते, एक बारकं ठिपक्यासारखं चिन्ह रायते, त्याच्यानंतर त्या पोकेमॉनले दुप्पट पॉइंट भेटतच रायते पण तो दुसऱ्याले देऊ शकत नाई. म्हणून जुने लोकं काय करते, लागलेला एक पोकेमॉन पीसीच्या बॉक्समधी टाकून देते, बॉक्समधी दिवस मोजल्या जात नाई. आपण घरी विरजण काढून ठेवतो ना तसं. लागलं का बाहेर काढायचं, दोन-चारायले लावायचं, त्यातला एक पुन्हा आत.

---

फक्त_शायनी (अकोट)

एवढं काई नाचाले नको बे त्याच्यात. दुप्पट ईव्ही घेऊन करशीन काय, गेम तं तसाबी पूर्ण होते, एलिट फोर (शेवटचे चार तगडे ट्रेनर) काई ईव्ही मोजून हरत नाई. दिसाले काई फरक नाई, रंग बदलत नाई, कोणाले दाखवशीन तं तो म्हणन हे काय लिवलं. बोनस म्हणजे शायनी. पायल्याबरोबर चमकलं पाह्यजे.

मी स्काय पिलरवर सेव्ह करून बसलो हाय एमराल्डमधीच, काळा म्हणजे शायनी रेक्वाझा पाह्यजे मले, साधा हिरवा असते. भेटला नाई का सॉफ्ट रिसेट (सेव्हपासून गेम पुन्हा चालू), भेटला नाई का सॉफ्ट रिसेट, दिवाळीपासून चालू हाय, मोजणं तं कधीचंच सोडून देल्लं. एवढे झाले आता म्हणजे लागलाच पाह्यजे, जवळ आला असन.

---

कारंजा_लाडचा_लॅप्रस

मडकिपभाऊनं सगळं बरोबर सांगतलं पण जागलीवाल्याची एक ओळ त्याच्या नजरेतून सुटली. बॅटरी संपलेली हाय ना तुयी? मंग तं तुयी लॉटरी डबल लागली.

रुबी, सफायर, एमराल्ड या तिन्ही कॅसेटमधी आत एक घड्याळ असते अन् त्याले चालवाले बारकी बॅटरी असते. ते संपलं का गेम सांगते का खेळता येईन पण घड्याळावरच्या गोष्टी आता होणार नाई. म्हणजे बेरी लावल्या तं वाढणार नाई, शोल केव्हची भरती-ओहोटी थांबली, लिलीकोव्हची रोजची लॉटरी अडकली. अन् पोकेरसचे दिवसबी त्याच घड्याळावर मोजल्या जाते! दिवस पुढं जातच नाई तं पोकेरस संपते कसा? तुया कॅसेटमधी तो कायमचा. बॉक्समधी जपून ठेवाची बी गरज नाई तुले.

अन् सेव्हची कायजी नको करू. ते याच्या आधीच्या गोल्ड-सिल्व्हर गेममधी होतं, तिथं बॅटरी मेली का सेव्हच जात होता. या कॅसेटमधी सेव्ह फ्लॅश मेमरीत असते, बॅटरीचा अन् त्याचा संबंध नाई. कोणी मोबाईल रिपेरिंगवाला म्हणला ना का आण सोल्डर करून नवी टाकून देतो, तं सध्या देऊच नको. पहिले सगळ्या टीमले लावून घे.

---

वणीचे_मास्तर

छान चर्चा चालू आहे. मी शाळेत गणित शिकवतो आणि हे गेम कॉलेजपासून खेळतोय, त्यामुळे अकोटच्या मित्राचं "आता लागलाच पाह्यजे" वाचून राहवलं नाही.

आधी सोपी गोष्ट. ८१९२ ला १ याचा अर्थ ८१९२ वेळा केलं की मिळतोच असा नाही. तेवढे प्रयत्न केलेली १०० माणसं घेतली तर त्यातल्या जवळपास ३७ जणांना एकही शायनी मिळालेला नसतो. आणि त्या ३७ जणांचा पुढचा चान्स किती, तर तोच, ८१९२ ला १. मागे किती वेळा हुकलं हे गेमला आठवत नाही, कुठे लिहूनही ठेवलेलं नाही. पोकेरसचंही तेच गणित, १००० लढाया केलेल्या शंभर जणांत साधारण साडेचार जणांना तो लागला असणार, म्हणून बहुतेकांनी नर्सचं ते बोलणं पाहिलेलंच नसतं.

आता अवघड गोष्ट, आणि ती अकोटवाल्याला आवडणार नाही. वर सांगितलेलं गणित तेव्हाच खरं जेव्हा प्रत्येक प्रयत्न खरंच वेगळा असतो. एमराल्डमध्ये तो नसतो! कॉम्प्युटर खरा रँडम आकडा काढत नाही, एका सुरुवातीच्या आकड्यावरून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा अशी ठरलेली साखळी चालवतो. रुबी-सफायर हा सुरुवातीचा आकडा घड्याळावरून घेतात. एमराल्डमध्ये मात्र गडबड राहून गेली, गेम चालू केला की साखळी दर वेळी शून्यापासूनच सुरू होते. म्हणजे तुम्ही रिसेट केलं की पुन्हा शून्य, आणि तिथून सेकंदाला साधारण ६० पावलं ती पुढे सरकते. रेक्वाझा कसा निघणार हे फक्त यावर ठरतं की तुम्ही कितव्या पावलाला बटण दाबलं.

आता स्वतःचा विचार करा. रिसेट, स्टार्ट, कंटिन्यू, ए, ए, ए. हात बसलेला आहे, रोज तेवढाच वेळ लागतो, दोन-चार सेकंद इकडे तिकडे. चार सेकंदांचा फरक धरला तरी ती झाली २४० पावलं. तुम्ही दिवाळीपासून तेच २४० रेक्वाझा पुन्हा पुन्हा पाहताय. त्या २४० मध्ये एखादा शायनी असण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षा कमी, आणि तो त्यात आहे की नाही हे तुमच्या ट्रेनर आयडीवर आणि गेम लपवून ठेवतो त्या दुसऱ्या सिक्रेट आयडीवर आधीच ठरलेलं आहे. नसेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत रिसेट करा, निघणार नाही.

---

फक्त_शायनी (अकोट)

सर हे खरं हाय का टाइमपास करून रायले

---

फक्त_शायनी (अकोट)

म्हणजे म्या एवढे दिवस तेच तेच रेक्वाझा पायले??? मले दोन-तीन वेळा वाटलं होतं बरं का, का याचं नेचर अन् आकडे मागच्यावानीच हायेत, म्हणलं योगायोग असन. मंग बाकीच्या लोकायले एमराल्डमधी शायनी भेटते कशी, यूट्यूबवर तं ढीग हाय.

---

वणीचे_मास्तर

खरं आहे. ज्यांना मिळतो त्यांचे दोन प्रकार. एक, जे रिसेट करतच नाहीत, गेम चालू ठेवून गवतात फिरत राहतात, त्यांची साखळी पुढेच जात राहते त्यामुळे प्रत्येक भेट नवी. दुसरे, जे मुद्दाम वेळ बदलतात. तुम्ही एवढंच करा, रिसेट केल्यावर रेक्वाझासमोर उभे राहून कधी एक मिनिट थांबा, कधी सात, कधी गेम तसाच चालू ठेवून जेवून या आणि मग ए दाबा. कंटाळवाणं आहे, पण मग खरोखर ८१९२ ला १ तरी होईल. काही लोक दोन्ही आयडी शोधून शायनीचं पाऊल नेमकं कोणतं ते काढतात आणि स्टॉपवॉच लावून दाबतात, मला त्यात मजा वाटत नाही. मग तो बोनस कसला, ती तर ऑर्डर झाली.

आणि पोकेरस बिनकामाचा म्हणालात त्यावर एक सांगतो. शायनी आणि पोकेरस दोन्ही एकाच गेममध्ये आले, गोल्ड-सिल्व्हर, जपानात १९९९. शायनीची जाहिरात गेमनेच केली, लेक ऑफ रेजवर लाल ग्याराडोस सगळ्यांना दाखवला, २०१३ च्या एक्स-वायमध्ये चान्स सोपा करून ४०९६ ला १ केला. पोकेरसबद्दल एमराल्डमध्ये ती नर्स एकदा बोलते, तेवढंच, आणि २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटमधून तर काढूनच टाकला. एकाला मिरवलं, दुसऱ्याला कोपऱ्यात ठेवलं. माझ्या मते त्या कोपऱ्यातल्यातच जास्त मजा होती, कारण तो शोधायला कोणी निघत नाही.

---

देसाईगंजचा_गो_प्लेयर

हो जी सर, बरोबर बोलून राहिले. पण मी पोकेमॉन गो (मोबाईलवर फिरून खेळाचा गेम) वाला माणूस, माझा थोडा वेगळा आहे, धाग्यात घुसतो म्हणून माफी.

गोमधी पोकेरस नाही पण तिथं हंडो असते, १०० टक्केवाला. तीन आकडे असते, ॲटॅक, डिफेन्स, एचपी, प्रत्येकी ० ते १५, तिन्ही १५ पडले तर हंडो. १६ गुणिले १६ गुणिले १६ म्हणजे तोच तुमचा ४०९६ ला १, गंमत बघा. पण गो मधी हा आकडा हलवता येते, हे बऱ्याच लोकांना माहीत नाही. हवामान जुळलं तर प्रत्येक आकडा कमीत कमी ४ असते, मग राहिले १२, बारा त्रिक १७२८ ला १. रेडमधी (सगळे मिळून एक मोठा पोकेमॉन हरवाचा) कमीत कमी १०, म्हणजे २१६ ला १. अन् मित्रासोबत ट्रेड करून तो लकी निघाला तर कमीत कमी १२, फक्त ६४ ला १, वरून वाढवाले स्टारडस्ट (गेममधला खर्च) अर्धाच लागते. म्हणून मी रोवणीच्या दिवसात बांधीवर उभा राहून पाण्याचे अन् किड्यांचे पोकेमॉनच पकडतो, पाऊस असला का पाणी, वीज अन् किडे या तिघांना बूस्ट असते, अन् आमच्याकडे पाऊस काही कमी नाही बापा.

आता दुखणं ऐका. चान्स सगळ्यांना सारखा, पण भेटी सारख्या कुठं आहेत? नागपूरले काकांकडे गेलो तर अंबाझरीले एक चक्कर मारली का स्क्रीन भरून पोकेमॉन. गावात घराच्या अंगणातून दोन दिसले तर खूप. त्या ४०९६ ले पोचता पोचता शहरातल्या पोट्ट्याचं सगळं डेक्स (पोकेमॉनची यादी) भरून जाते. पोकेस्टॉप (गेममधलं सामान भेटाची जागा) एक, मारुतीच्या देवळाचा. सभामंडप अन् वाचनालय टाकाचं आहे, लेव्हल वाढली का टाकतो, झेडपीची शाळा टाकली असती पण शाळा त्या लोकांना चालत नाही, नियमच आहे तसा.

अन् शायनी तर गोमधी ज्याची त्याची असते. मी अन् लहान भाऊ एकाच खाटेवर बसून एकच पोकेमॉन दाबतो, त्याचा चमकते, माझा साधा. दोन दिवस बोललो नव्हतो त्याच्याशी.

---

मेहकरचा_मडकिप

@देसाईगंज माफी काऊन मागता भाऊ, बारा त्रिकवालं मले माहीतच नव्हतं. भाऊ लहान हाय तं ट्रेड करून घ्या ना त्याचा शायनी, भांडण कायले.

---

देसाईगंजचा_गो_प्लेयर

देत नाही जी तो. अन् शायनीच्या ट्रेडले स्टारडस्ट किती लागते ते पाहा एकदा.

---

जागलीवाला_ट्रेनर (दारव्हा)

बापरे, एवढं. म्या तं रिलीजच करणार होतो सकाळी.

रातच्याले वावरात गेलो तवा मडकिपभाऊनं सांगतलं तसं केलं, मार्शटॉम्प मधात, वरून इलेक्ट्राइक, खालून झिगझॅगून. लढलो. पहिले काईच नाई झालं, मंग पायतो तं झिगझॅगूनच्या पानावर पीकेआरएस! लय मजा आली. मधात लाईन गेली, मोटार बंद, मी तसाच बसून रायलो, बाबा वावरात आले तं म्हणे लाईन कवाची आली तू इथं काय करून रायला.

आता सांगा मार्शटॉम्पले कोणासंगं लढवू? अन् ते ईव्ही दिसते कुठं, मले तं कुठीच आकडा दिसत नाई.

---

मेहकरचा_मडकिप

ईव्ही दिसत नाई एमराल्डमधी, ते लपवून ठेवलं हाय, आपणच मनात मोजाचं. प्रत्येक पोकेमॉन हरला का ठरलेला पॉइंट देते. पूच्येना ॲटॅकचा १ देते, झिगझॅगून स्पीडचा १, व्हिस्मर एचपीचा १, जिओड्यूड डिफेन्सचा १. चार पॉइंट झाले का १०० लेव्हलले त्या स्टॅटमधी १ वाढते. एका स्टॅटमधी २५५, सगळे मिळून ५१०, याच्यावर जात नाई. पोकेरसनं ही मर्यादा वाढत नाई हे ध्यानात घे, फक्त तिथं लवकर पोचवते. लोकायले वाटते पोकेरसवाला जास्त ताकदवान होते, तसं नाई.

तू मॉव्हिलमधी हाय ना, मंग वर १११ नंबरच्या रस्त्यावर विनस्ट्रेट लोकायचं घर हाय, त्या घरातल्या चारही जणायले एकामागून एक हरव, ते तुले माचो ब्रेस देते. तो धरला का पॉइंट अजूक दुप्पट, पोकेरससंगं चौपट. मार्शटॉम्पले ॲटॅक अन् एचपी पाह्यजे. एचपीसाठी रस्टर्फ टनेलमधी जा, तिथं व्हिस्मरशिवाय दुसरं निघतच नाई, डोस्कं लावाचंच काम नाई. २५२ पॉइंट पाह्यजे तं साधे २५२ व्हिस्मर लागले असते, तुले ६३ च लागन. ॲटॅकसाठी सुरुवातीच्या रस्त्यावर पूच्येना हायेतच. ब्रेस धरला असतानी स्पीड अर्धी होते तेवढं सांभाळ, काम झालं का काढून टाक.

---

कारंजा_लाडचा_लॅप्रस

जागलीवाल्या, एक अर्ज होता. मायाकडे रुबी हाय अन् लिंक केबल हाय. दारव्ह्याच्या बाजाराले येणं होतंच माया, एक लागलेला पोकेमॉन देशीन का? पोकेरस ट्रेडसंगं येते. मायी बॅटरी चालू हाय म्हणून मले तो आल्याबरोबर बॉक्समधी टाका लागन नाई तं दोन-चार दिवसात सुकून जाईन, पण चालते.

---

फक्त_शायनी (अकोट)

आता सगळ्यायलेच पाह्यजे हा रोग 😂 मी इथं रेक्वाझासमोर उभा हाय, गेम चालू ठेवून. सर, जेवण झालं, आंघोळबी झाली, आता दाबू का?

---

वणीचे_मास्तर

दाबा.

---

फक्त_शायनी (अकोट)

हिरवाच.

---

जागलीवाला_ट्रेनर (दारव्हा)

@कारंजा ये ना भाऊ, बाजारात आमचा मेथी-सांभाराचा पाल असते, कोणालेबी इचार. झिगझॅगून देतो, मायाकडे अजूक दोन पडले हायेत त्यायलेबी लावून ठेवतो. बदल्यात काई नको, एखादा नुमेल असन तं आण.

---

कारंजा_लाडचा_लॅप्रस

नुमेल पक्का. फक्त निघाच्या आधी झिगझॅगूनचं पान उघडून पाय, पीकेआरएस लिवलेलं पाह्यजे, अन् एसपी चार्ज करून आणजो, मागच्या वेळी एका जणासंगं ट्रेड करतानी मधातच बंद पडला होता.